नवमीच्या आदल्या दिवशी भाजलेला बेस

काळ्या कापडावर पिवळा रंग छापला तर तो पिवळा दिसत नाही. शेवाळ धरल्यासारखा हिरवट-काळपट डाग दिसतो. ज्यांनी कधी छपाई केली नाही त्यांना हे खरं वाटत नाही, कारण भिंतीला रंग दिला की भिंत त्या रंगाची होते हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. कापडाचं तसं नाही. कापड रंग पितं. म्हणून आधी खाली पांढरा थर द्यायचा आणि त्याच्यावर पाहिजे तो रंग चढवायचा. या पांढऱ्या थराला आम्ही बेस म्हणतो. माझं कामाचं सगळं आयुष्य बेस मारण्यात गेलं.

आमच्या देवासच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे हलकाफुलका लेख मागितला होता. जुनी स्क्रीनची छपाई आणि नवी डिजिटल छपाई एकाच शर्टावर कशी नांदते, गिऱ्हाईकं कशी भेटतात, वगैरे. मी तसा लिहायलाही घेतला. चांगला चालला होता. पण बेस कसा मारतात हे समजावून सांगताना एका वाक्यापाशी थांबलो आणि पुढे जाता येईना. ते वाक्य पुढे येईलच. आधी धंदा सांगतो, कारण धंदा कळल्याशिवाय माझा गुन्हा कळणार नाही.

आमचं घराणं धारचं. पणजोबा दरबारच्या तंबू-कनातींचं कापड रंगवत, असं घरात सांगायचे. वडील बाजारपेठेत चादरींवर ठसे मारत. मी देवासला आलो तो तयार कपड्यांच्या एका कारखान्यात, स्क्रीन खात्यात. स्क्रीन म्हणजे चौकटीवर ताणलेली बारीक जाळी. जिथे रंग जायला नको तिथली भोकं बुजवायची, जिथे जायला हवा तिथली मोकळी ठेवायची. वर रंग ओतून रबराची पट्टी ओढली की खालच्या कापडावर चित्र उतरतं. ऐकायला सोपं आहे. पट्टी किती दाबायची, कोणत्या कोनात धरायची, हे मनगटाला कळायला मात्र वर्षं जातात. माझ्या मनगटाला कळलं होतं. एवढा अभिमान मला अजून आहे, तो लपवत नाही.

पण स्क्रीनला एक रंग म्हणजे एक जाळी. आठ रंगांचं चित्र असेल तर आठ जाळ्या, आठदा जुळणी. फोटो तर जमतच नसे, जमला तरी ठिपक्या-ठिपक्यांचा. मग आमचे मालक सोहनभिया डिजिटल मशीन घेऊन आले. घरच्या छपाईयंत्रासारखंच, फक्त पलंगाएवढं. शर्ट आडवा ठेवायचा, वरून शाईचे बारीक फवारे फिरतात आणि हवं तितक्या रंगांचं चित्र एका झटक्यात उतरतं. पण त्या मशीनचा पांढरा रंग अगदीच पाणचट, आणि भारी महाग. तेव्हा तोड अशी निघाली की पांढरा बेस आम्ही स्क्रीनने मारायचा, त्यावर रंगीत चित्र डिजिटलने काढायचं. जाडी आमची, नजाकत त्यांची.

सुरुवातीला मजाही आली. राजगढ़चे एक शेठ घरच्या लग्नासाठी सगळ्या वऱ्हाडाला स्वर्गवासी दादाजींचा फोटो छापलेले शर्ट हवे म्हणून आले. चेहरा डिजिटलने काढला आणि पगडीवरचं जरीकाम मी स्क्रीनने, सोनेरी पेस्टचं, हाताला लागेल असं जाड मारलं. माल नेल्यावर तक्रार आली की दादाजी हसत नाहीत. मी म्हटलं, भिया, फोटो में भी नहीं हंस रहे थे. शेठ म्हणाले, वो तो सारी उमर नहीं हंसे, पर शर्ट पे तो हंसा देते. मनावर गावच्या एका कबड्डी संघाला लाल पॉलिस्टरवर पांढरे आकडे हवे होते. मी नको म्हणत होतो, कारण पॉलिस्टरचा लाल रंग उष्णतेने सुटतो आणि हळूहळू वरच्या पांढऱ्यात उतरतो. त्यांनी ऐकलं नाही. आठवड्याभरात आकडे गुलाबी झाले, आणि समोरचा संघ त्यांना 'गुलाबो' म्हणायला लागला. असं काही झालं की सगळे माझ्याकडे वळून म्हणत, काका ने बोला था. हे वाक्य मला फार आवडायचं.

डिजिटल मशीनवर वृंदा होती. आपल्याच मराठी माणसांतली, देवासमध्येच वाढलेली, हिंदी शाळेत शिकलेली. मराठी बोलायची, पण निम्मं हिंदीत. तिची आई कुसुमताई आमच्या मंडळात गणपतीच्या दिवसांत प्रसादाचं बघायची. वडील लवकर गेलेले. त्या मशीनवरची नोकरी म्हणजे त्या घरात मोठी गोष्ट होती. वृंदाचं काम स्वच्छ. शर्ट मशीनवर चढवण्याआधी ती बेसवर एका कडेला बोट टेकवून बघायची, प्रत्येक वेळी. मला त्याचा राग यायचा. मी मारलेल्या बेसवर कोणी बोट लावून पाहावं, हेच मला अपमानाचं वाटायचं.

आता ते वाक्य. बेस अर्धकच्चा असतानाच त्यावर डिजिटलची शाई पडली पाहिजे.

स्क्रीनने बेस मारल्यावर त्याला हलका शेक द्यायचा, इतकाच की तो पसरू नये. बोट टेकवलं तर किंचित चिकटला पाहिजे. अशा बेसवर शाई पडली की ती त्यात मुरते, आणि मग दोन्ही थर एकत्र भट्टीतून काढले की एकजीव होतात. बेस आधीच पूर्ण भाजून घेतला तर त्यावर शाई नुसती बसून राहते. दिसते झकास, कोणाला संशय येणार नाही. पहिल्या धुण्यात निघून जाते. वृंदा बोट टेकवायची ती याचसाठी.

त्या वर्षी लहान मुलांच्या काळ्या शर्टांचं काम होतं. छातीवर मोठा रंगीत मासा, खवल्याखवल्याला वेगळा रंग. बाहेरच्या एका बड्या कंपनीचं पहिलंच काम, आणि माल घाईत हवा होता. मधेच खंडेनवमी आली.

आमच्या घराण्यात नवमीला हत्यार चालवत नाहीत. ठसे, कुंचले, रंगाची भांडी, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळद-कुंकू लावायचं, आणि त्या दिवशी त्यांना विश्रांती. वडिलांनी पाळलं, मी कारखान्यातही पाळत आलो. माझ्या जाळ्या आणि पट्ट्या नवमीला पाटावर असायच्या आणि सगळं खातं पाया पडायचं. सोहनभिया या वेळी म्हणाले की यंदा पूजा करा, पण काम बंद नको. मी म्हटलं, स्क्रीन नाही चालणार. त्यांनी विचारलं, मग माल? मी मोठ्या ऐटीत शब्द दिला की काम अडणार नाही. बेस सगळे आदल्या दिवशी मारून ठेवतो, नवमीला डिजिटलवाले आपलं काम करतील. ते म्हणाले, मशीनला नवमी नाही का? मी म्हटलं, ते कॉम्प्युटर आहे, हत्यार थोडंच आहे. हार घाला आणि चालवा. खात्यातले सगळे हसले. वृंदाही हसली.

आदल्या दिवशी मी बेस मारले. पण अर्धकच्च्या बेसचे शर्ट रात्रभर एकावर एक ठेवता येत नाहीत, एकमेकांना चिकटतात. एकेक पसरून ठेवायला जागा नव्हती. मला हे माहीत होतं आणि शब्द देताना मी त्याचा विचार केला नव्हता. थोडं थांबून सोहनभियांना सांगता आलं असतं की नाही जमत, निम्मेच बेस मारतो. नाही सांगितलं. सगळे शर्ट पूर्ण तापलेल्या भट्टीतून काढले, खडखडीत वाळवले, आणि थप्प्या लावून ठेवल्या. मनाची समजूत घातली की थोडीफार शाई तरी धरेलच.

नवमीला सकाळी पूजा झाली. जाळ्यांना झेंडूच्या माळा होत्या. मी चहा पीत होतो तेव्हा वृंदा एक शर्ट हातात घेऊन आली.

"काका, बेस सूखा लग रहा है. बोटाला काही लागतच नाही."

"नवमीची हवा आहे, कोरडी. टाक तू."

"एक छापून धो के देख लूं?"

"पूजेच्या दिवशी धुणं काढून बसतेस? टाक म्हटलं ना. बेस मी मारलाय."

ती गेली आणि तिने छापायला घेतलं. मासे सुरेख आले. सोहनभियांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

काही दिवसांनी कंपनीचा माणूस एक शर्ट घेऊन आला. त्यांच्याकडे माल धुऊन बघतात. काळ्या शर्टावर नुसता पांढरा मासा उरला होता, माझा बेस, जसाच्या तसा. कडा इतक्या स्वच्छ की मला त्यातही क्षणभर बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. रंग सगळे गेले होते.

तपासणीच्या टेबलाभोवती आम्ही उभे होतो. कंपनीच्या माणसाचं म्हणणं होतं की बेस पक्का आहे, शाईच गेली, म्हणजे दोष डिजिटलचा. बाहेरून पाहणाऱ्याला तसंच वाटणार. सोहनभियांनी वृंदाला विचारलं. ती म्हणाली, बेस वाळलेला वाटत होता, मी काकांना विचारलं होतं, धुऊन बघू का असंही विचारलं होतं, काका म्हणाले टाक.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीही पाहत होती, आणि अगदी निश्चिंत होती. काका आता सांगतील, असा चेहरा होता तिचा.

मी म्हटलं, "ऐसा कुछ याद नहीं."

का म्हटलं, याचं मोठं कारण माझ्याकडे नाही. नोकरी जाईल अशी भीती नव्हती, मला कोणी काढलं नसतं. नवमीसाठी दिलेला शब्द खोटा पडला असता, पुढच्या वर्षी सोहनभियांनी जाळ्या पाटावर ठेवू दिल्या नसत्या, आणि ज्या मशीनला मी कॉम्प्युटर म्हणून हसलो होतो त्या मशीनवरच्या मुलीने मला आधीच सावध केलं होतं हे सगळ्यांना कळलं असतं. इतकंच. शिवाय मी नुसतं 'याद नहीं' म्हणून थांबलो नाही. मी वर म्हणालो की पोरगी हुशार आहे, पण घाई करते.

तिला मशीनवरून काढून धागे कापायला बसवलं. थोड्याच दिवसांत ती यायची बंद झाली.

त्या थप्पीतले, छापायचे राहिलेले काही शर्ट खात्यात पडून होते. एक दिवस सगळे जेवायला गेल्यावर मी नव्या मुलाकडून त्यातल्या एकावर मासा छापून घेतला, घरी आणला आणि स्वतः धुतला. बादलीतलं पाणी रंगीत झालं. तोवर मी स्वतःला सांगत होतो की कदाचित शाईही खराब असेल. आता तेवढीही जागा राहिली नाही. तो शर्ट पुन्हा नजरेला पडू नये म्हणून गुंडाळून टाकून दिला.

त्यानंतरची गोष्ट माझ्या बायकोसमोर, आळीतल्या बायकांसमोर घडली. आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला चार घरच्या बायका जमल्या होत्या, अंगणात चकल्या चालल्या होत्या. कुसुमताई वृंदाला घेऊन आल्या. हातात नारळ होता. मला म्हणाल्या, "काका, पोरीने तुमच्यावर आळ घेतला. बाप नाही तिला, माझंच चुकलं वाढवताना. ती माफी मागायला आली आहे."

कुसुमताईंनी वृंदाच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे केलं. ती वाकली आणि माझ्या पाया पडली. चकल्यांचे सोरे थांबले होते. बादलीतलं रंगीत पाणी मी तोवर पाहिलेलं होतं. तरी मी काय केलं? तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे, असू दे. पोर आहे."

नारळ घेतला. बायकोने त्यांना चकल्या बांधून दिल्या. बायका नंतर म्हणाल्या की काकांचं मन मोठं. ती गोष्ट आळीभर झाली, मंडळातही झाली. माझा मान वाढला.

पुढे त्या कामाचं जे तंत्र आम्ही बसवलं, बेस मारल्याबरोबर शर्ट डिजिटलकडे, थप्पी लावायचीच नाही, बोट टेकवून बघितल्याशिवाय चढवायचाच नाही, ते मी नव्या मुलांना शिकवलं. बोट टेकवायचं कोणी सुरू केलं हे त्यांना सांगितलं नाही. मी निवृत्त झालो तेव्हा भाषणांत म्हणाले की या दोन छपायांची जोडी काकांनी जुळवली.

लेख त्या वाक्यापाशी अडला आणि दोन-तीन दिवस तसाच राहिला. मग मी कुक्षी गावाला गेलो. वृंदाचं लग्न तिकडे झालं आहे, नवऱ्याचं बियाण्यांचं दुकान आहे. बसमध्ये मी काय बोलायचं ते हिंदीत जुळवत होतो, मग मराठीत, मग परत हिंदीत. दुकानात ती गल्ल्यावर होती. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. स्टूल पुसून बसायला दिलं, पाणी दिलं, काकी कशा आहेत विचारलं. मी सगळं एका दमात सांगितलं. भट्टी, थप्पी, नवमी, आणि मला तेव्हाही सगळं आठवत होतं हे.

तिने मधे एका गिऱ्हाइकाला मक्याचं बियाणं दिलं, सुट्टे पैसे दिले, आणि मग म्हणाली, "काका, मेरे को तो मालूम था ना. मी विचारलं तेव्हा तुमच्या हातात चहा होता. मला सांगून काय होणार?"

मी माफी मागत होतो. तिने ती घेतलीही नाही आणि नाकारलीही नाही.

"आईला सांगा," ती म्हणाली. "ती अजून फोनवर म्हणते, बेटा, सासरी कुणावर आळ घेऊ नको. दर वेळी. इथे पहिल्या वर्षी खूप काही झालं, काका. मी तिला नाही सांगितलं. सांगून ती मानणार होती का? तिने मला एकदा पाया पडायला लावलं आहे."

काय झालं होतं ते मी विचारलं नाही. विचारायचा हक्क मला नव्हता. ती इतकंच म्हणाली की आता सब ठीक आहे. निघताना तिने मला बसपर्यंत सोडायला दुकानातल्या माणसाला पाठवलं.

देवासला परत आल्यावर दुसऱ्या दिवशी कुसुमताईंकडे गेलो. या बाईंना मी इतकी वर्षं दर गणपतीत भेटत होतो. त्या मला आधी वाकून नमस्कार करत आणि मी तो घेत असे. त्या दिवशीही त्या वाकायला लागल्या, मी मागे सरकलो आणि म्हटलं की आधी ऐकून घ्या.

त्यांनी ऐकलं. मला वाटलं होतं की त्या रडतील, किंवा मला बोल लावतील. त्यांनी पदराच्या टोकाने ओट्यावरचा एक डाग पुसला, नसलेला, आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

"म्हणजे तिने विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"धुऊन बघू का, असं पण म्हणाली होती?"

"हो."

"घरी येऊन तिने मला हेच सांगितलं होतं. अगदी हेच. मी म्हटलं, काका खोटं कशाला बोलतील."

मग त्यांनी विचारलं, तुमच्या अंगणात त्या दिवशी कोण कोण होत्या, आठवतं का. मला आठवत होतं. मी नावं सांगितली. त्या म्हणाल्या की त्या सगळ्यांना कळलं पाहिजे. दारोदार जाऊन सांगायला मला त्या सांगणार नाहीत, पण मंडळाचा अंक सगळ्यांच्या घरी जातो, आणि मी त्यात लिहितो हे त्यांना माहीत होतं.

"नाव घालून लिहा," त्या म्हणाल्या. "तिचं पण घाला. एक मुलगी, असं नको."

म्हणून हे सगळं नाव घालून लिहिलं आहे. त्या दिवशी अंगणात असलेल्या बायकांपैकी ज्या आज आहेत, त्यांनी हे वाचावं आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावं. वृंदाने आळ घेतला नव्हता. तिने विचारलं होतं, मी ऐकलं होतं, आणि मी खोटं बोललो.

कुसुमताईंनी मग फडताळावरचा फोन घेतला आणि मुलीचा नंबर लावला. तिकडून तिने उचलला असावा, कारण कुसुमताई "अगं" म्हणाल्या. पुढे त्यांना बोलता येईना. तिकडून आवाज येत होता, "आई? क्या हुआ? आई, बोल ना." त्या नुसत्या फोन कानाला धरून उभ्या होत्या, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी मला जायची खूण केली. मी बाहेर येऊन चपला घातल्या.